मोशेची शिंगं

पेंटेकॉस्टचा सण चार दिवसांवर आला असताना, बुधवारी सकाळी, आस्मुस द्रेवेस हेरिंगच्या टोपल्यांमधून वाट काढत चर्चकडे निघाला होता. समोरून घंटावाला येत होता. त्यानं तोंडातला कांदा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाला, "पळीदादा, नव्या मॅगिस्टरांचा निरोप आहे. शिंगं काढायचीत."

"कसली शिंगं?"

"तुझ्या मोशेची. उद्या दुपारपर्यंत. रंगाऱ्याला डोकं मोकळं पाहिजे म्हणे." एवढं बोलून घंटावाला मासे बघायला निघून गेला. माणसाच्या काळजात सुरी खुपसून पुढच्या क्षणी माशाचे डोळे ताजे आहेत का बघणं, हे वीकहाफनच्या लोकांना उपजतच जमतं.

आस्मुस तिथंच उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा बधिर झाला. जिवाला लागलं की त्याचा अंगठा आधी बधिर व्हायचा. मन नंतर, सवडीनं. पळीदादा म्हटल्याचं त्याला काही वाटलं नाही. ते बावीस वर्षं चाललं होतं, कातडीचाच भाग झालं होतं. पण शिंगं! ती दोन शिंगं नुसती शिंगं नव्हती. चर्चचं नवं पुलपिट करायला त्याला दोन वर्षं लागली होती. पाद्री प्रवचनाला चढणार तो कठडा, त्याच्या पाच बाजूंना ख्रिस्तजन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची पाच चित्रं, वर छत, छताला टेकलेले जाडजूड देवदूत, हे सगळं ओकमध्ये कोरलेलं. आणि हा सगळा डोलारा डोक्यावर घेऊन खाली जमिनीवर उभा असलेला मोशे, पुरुषभर उंचीचा, हातात दहा आज्ञांच्या पाट्या. पाच चित्रं आस्मुसनं पोटासाठी केली होती. देवदूत सवयीनं केले होते. मोशे मात्र त्यानं स्वतःसाठी केला होता, कारण मोशेला तोंड होतं ते सुतारसंघाच्या म्होरक्याचं, ट्योनीस क्लाफहॉर्नचं.

हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. पुलपिट बसवल्यापासून मोशेच्या तोंडावर गोणपाट होतं, आणि ते रविवारी निघणार होतं. रविवारी सगळं गाव त्या तोंडाकडे बघत दोन तास बसणार होतं, कारण दोन तासांच्या आत उरकेल असं प्रवचन वीकहाफनमध्ये कुणी देवाचं मानतच नसे. आधी एक जण ओळखेल. तो शेजारच्याला कोपर मारेल. मग बाकांमधून खसखस पिकेल, आणि आशीर्वाद देईपर्यंत शिंगं फुटलेला, वाकलेला, पाद्र्याचे बूट जन्मभर टाळूवर सोसणारा ट्योनीस क्लाफहॉर्न अख्ख्या गावानं बघितलेला असेल. जगाच्या अंतापर्यंत दर रविवारी. शिवाय त्या गावात शिंगं या शब्दाला आणखी एक अर्थ होता, बायको फसवत असलेल्या नवऱ्याला शिंगं फुटली म्हणत, आणि तो लग्न झालेल्या पुरुषांना फारसा आवडत नसे. आणि यातलं काहीही बेकायदा नव्हतं. मोशेला शिंगं असतात हे लुबेकपासून थेट रोमपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आस्मुसनं सूड घेतला होता तो पवित्र शास्त्राच्या आधारानं, आणि असा सूड घ्यायला डोकं लागतं, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं.

ट्योनीसला दोन वर्षांपासून मोतीबिंदूनं दिसेनासं झालं होतं, ही गोष्ट आस्मुसनं विचारात घेतली होती. प्रथम त्याला वाईट वाटलं होतं, म्हणजे स्वतःबद्दल. मग लक्षात आलं, की ज्याला दिसत नाही त्याला हसणं जास्त स्पष्ट ऐकू येतं. अंधारात बसून माणूस ऐकेल. आपल्याला हसतायत हे कळेल, का हसतायत हे कुणी सांगणार नाही, आणि विचारायचीही लाज वाटेल. हे सुचलं त्या दिवशी आस्मुसनं मोशेच्या एका शिंगाला आणखी एक वळसा दिला होता.

मॅगिस्टर फागेट, गावचे नवे पाद्री, चर्चच्या मागच्या खोलीत पुस्तकांच्या तीन ढिगांमध्ये बसले होते. वय तीस, गाल अजून शाळेतले, आणि बोलणं दक्षिणेकडच्या, वरच्या जर्मनीतलं, म्हणजे प्रत्येक शब्द जणू धुवून वाळत घातलेला. "या उस्ताद," ते म्हणाले, "तुमच्या मोशेवर माझं प्रेम आहे. म्हणूनच त्याला चुकीतून सोडवायचं म्हणतो."

"चूक कुठली, महाराज?"

"तुमची नव्हे. फार जुनी. मोशे पर्वतावरून खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याला काय फुटलं? मूळ हिब्रूतल्या शब्दाचे अर्थ दोन. शिंगं फुटली असाही होतो, किरण फुटले असाही होतो. ज्यानं लॅटिनमध्ये आणलं त्यानं शिंगं घेतली, आणि हजार वर्षं बिचारा बैलासारखा उभा आहे. आपल्या भाषेतल्या बायबलात स्पष्ट आहे, त्याचा चेहरा तेजानं झळकत होता."

"लुबेकला सगळ्या मोशेंना शिंगं आहेत."

"ती पोपच्या काळातली, धर्मसुधारणेच्या आधीची."

"माझा ओकही पोपच्याच काळात उगवलाय महाराज. त्याचं काय करू, परत लावू?"

मॅगिस्टर मनापासून हसले. त्यांच्यात हीच खोड होती, कुणी टोमणा मारला तरी त्यांना त्यात विद्वत्ता सापडे. "शिंगं कापा, आणि रंगारी तिथं सोन्याच्या वर्खाचे किरण बसवेल. सगळं तेजोमय होईल. नको का?"

आस्मुसला सांगावंसं वाटलं की तेज नको, तेज अजिबातच नको, ते शिंग शिंगच असायला हवं. पण याचं कारण पाद्र्यापुढे मांडता येण्याजोगं नव्हतं. तो "बरं" म्हणाला. मान खाली घालून बरं म्हणायची सवय त्याला फार जुनी होती, आणि ती कुठून लागली हे त्याला तारखेनिशी ठाऊक होतं.

बावीस वर्षांपूर्वी, मायकेलमासच्या, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणाच्या, आदल्या दिवशी, तो लुबेकहून शिकून परत आला होता आणि सुतारसंघापुढे त्यानं उस्तादीच्या परीक्षेची पेटी ठेवली होती. ओकची पेटी, दर्शनी भागावर एदेन बाग. त्यातली एव्ह अशी होती की नुसती बघून घाम फुटावा. अकरा उस्ताद गोल करून उभे होते, आणि मध्ये संघाचा म्होरक्या ट्योनीस क्लाफहॉर्न. कुठल्याही नव्या कामाला म्होरक्याचा अंगठा लागल्याशिवाय ते संघाचं ठरत नसे. ट्योनीसच्या उजव्या अंगठ्याचं नख यासाठीच वाढवलेलं, पिवळं, जाड, शिंगाच्या चकतीसारखं. ते नख एव्हवरून, सापावरून, सफरचंदावरून फिरलं आणि मग मागच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर थांबलं. आस्मुसला आजही तो वास येतो, सरसाचा, ओल्या लोकरीचा आणि अकरा माणसांच्या दुपारच्या बिअरचा. "नख शिरतंय," ट्योनीस म्हणाला. मग खालचा ओठ आत ओढला. पुढं धारदार काही बोलायचं असलं की तो ओठ असा आत जायचा. "हात बरा आहे पोराचा. पळ्या चांगल्या करील." अकराच्या अकरा हसले. त्याला उस्ताद करून घेतलं, दंड म्हणून एक पिंप बिअर मागितली, आणि ती पितानाही हसले. घरी पोचेपर्यंत नाव त्याच्या आधी पोचलं होतं. बायको तेल्स दारातच उभी होती. तिनं तोंडावरचं हसू एप्रनला पुसलं, पण डोळ्यांतलं पुसायचं राहिलं. "या, पळी," ती म्हणाली, आणि हसली. फार नाही हसली. नंतर ती त्याच्याशी चांगलीच वागली, चार मुलं झाली, दोन जगली, पण त्या हसण्याचा हिशेब आस्मुसनं तिच्याकडे कधी मागितला नाही. तो ट्योनीसच्या नावावर चढवला.

तेव्हापासून तो ट्योनीसकडे बघत आला. आधी द्वेषानं, मग सवयीनं. चर्चमध्ये तीन बाकं मागून, मयताला कडेनं, बाजारात टोपलीआडून. डाव्या भुवईतली खाच, पटाशी निसटून झालेली. नाकाच्या उजव्या बाजूचा खड्डा. हनुवटीखाली दाढीत लपलेली मस, ती मान वर करून ट्योनीस बिअर पिताना फक्त दिसायची, म्हणून आस्मुस त्याच्या समोर बसून बिअर प्यायचा. असं करता करता ट्योनीसचं तोंड त्याच्या बोटांत शिरलं. पाच वर्षांपूर्वी एका सरदाराच्या थडग्यासाठी मेंढपाळ कोरताना त्याला ट्योनीसची भुवई आली, ती त्यानं घाईघाईनं तासून टाकली. एवढ्याशा मेंढपाळात हा माणूस खर्ची पडावा हे त्याला मान्य नव्हतं. मोठी जागा येईल, त्यानं स्वतःला सांगितलं. आली. शिंगं तर त्यानं ओकची केलीच नाहीत. ओक भरड, बारीक वळणात तुटतो. तेल्सच्या बापाच्या बागेतली नाशपती वादळात पडली होती, तिच्या खोडातून त्यानं दोन वीतभर शिंगं काढली, पुढं वळलेली, टोकाला अणकुचीदार, आणि डोक्यात आरपार खुंट्या ठोकून सरसात पक्की केली. कुणाला काढता येऊ नयेत म्हणून. आता ती काढायला स्वतःलाच करवत घ्यावी लागत होती.

गुरुवारी सकाळी तो शिडी लावून मोशेच्या डोक्यापाशी बसला. गोणपाट त्यानं वर गुंडाळलं होतं. चर्च रिकामं होतं, बाहेर बंदरावर कुणीतरी डांबर उकळत होतं आणि तो वास खिडकीतून येत होता. करवत पहिल्यांदा फिरवली तेव्हा नाशपतीचा गोडसर वास सुटला, आणि आस्मुसला अचानक, काही कारण नसताना, सासऱ्याची बाग आठवली. तेल्स सतरा वर्षांची, झाडावर चढलेली, खाली नाशपत्या फेकतेय आणि नेम धरून त्याच्या डोक्यावर मारतेय. तेव्हाही ती हसत होती. तेव्हा त्याला ते आवडलं होतं. हे आत्ता कशाला आठवावं, तो स्वतःवर चिडला आणि करवत जोरानं ओढली. डावं शिंग सुटून त्याच्या हातात आलं. हलकं होतं. दोन वर्षं त्याला ते फार जड वाटत आलं होतं.

दार वाजलं. काठीचा आवाज, मग बायकी पावलं. ट्योनीस क्लाफहॉर्न मुलीच्या, बेकेच्या, खांद्यावर हात ठेवून आत येत होता. आस्मुस विसरलाच होता. चर्चचं काम असलं तरी संघाचंच, अंगठा लागायलाच हवा.

"करवत ऐकली मी," ट्योनीस म्हणाला. डोळे दुधात भिजवल्यासारखे पांढरे, पण मान बरोबर आस्मुसच्या दिशेनं. "झालेल्या कामावर करवत? कोण, पळी का रे?"

"हो उस्ताद. शिंगं काढतोय. मॅगिस्टर म्हणतात, मोशेला शिंगं नव्हती, किरण होते. आता सोन्याच्या वर्खाचे बसवायचेत."

"किरणांना लाकूड कमी लागतं," ट्योनीस म्हणाला. "तेवढाच बिचाऱ्याच्या डोक्यावरचा भार हलका."

बेकेनं वर बघितलं. आस्मुसनं तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे लाकडावरून बापावर, बापावरून लाकडावर गेले, आणि तिचा हात तोंडाकडे गेला. हाच तो क्षण, एक जण तरी आधी ओळखणार होताच. हस, त्याच्या मनानं तिला विनवलं, हस पोरी. पण ती हसली नाही. "बाबा," ती हळूच म्हणाली, "हे तर..."

"थांब. माझं काम मला करू दे."

त्यानं हात वर केला. आस्मुस शिडीवरून खाली उतरून बाजूला झाला. पिवळं नख पाट्यांवरून गेलं, बोटांच्या पेरांवरून गेलं, दाढीच्या लाटांमध्ये शिरलं, आणि मग पूर्ण तळवा मोशेच्या गालावर टेकला. नाकाजवळच्या खड्ड्यात करंगळी बसली. डाव्या भुवईतल्या खाचेपाशी अंगठा थांबला, मागे गेला, परत आला. ट्योनीसनं दुसरा हात स्वतःच्या भुवईवर नेला. मग दोन्ही हात एकदम खाली सरकले, एक लाकडाच्या दाढीत, एक केसांच्या. मस दोन्हीकडे होती.

बाहेर डांबरवाल्याला कुणीतरी शिवी दिली, ती चर्चमध्ये स्पष्ट ऐकू आली.

"किती दिवस बघत होतास?" ट्योनीसनं विचारलं.

"बावीस वर्षं."

"माझी बायको एकोणतीस वर्षं होती माझ्याबरोबर. तिला ही मस ठाऊक नव्हती."

या क्षणासाठी आस्मुसनं बावीस वर्षांत शेकडो वाक्यं तासून ठेवली होती, एकेक धारेची, आणि त्यातलं एकही या वाक्यासमोर ठेवण्यासारखं नव्हतं. ट्योनीसचा हात उरलेल्या उजव्या शिंगावर गेला, बुडापासून टोकापर्यंत, अगदी हळू. "नाशपती."

"हो."

"ओकच्या माणसाला नाशपतीची शिंगं." खालचा ओठ आत गेला. आस्मुसचा अंगठा बधिर झाला. "माझ्यासाठी एवढा खर्च नव्हता करायचास, पळी." आणि तो हसला. एकटाच, खांदे हलवत, अगदी खूश होऊन. "काप ते पण. एका शिंगानं बरं नाही दिसत. किरण कसले बसवणार म्हणालास?"

"सोन्याच्या वर्खाचे," बेके म्हणाली. "फार सुंदर होणार आहे, बाबा."

"चला." ट्योनीस वळला, आणि वळता वळता, काहीतरी विसरल्यासारखा, त्यानं अंगठा परत मोशेच्या हनुवटीखाली घातला. तिथं डोक्याचा ठोकळा धडाला जोडलेला होता आणि सांधा दाढीआड लपवलेला होता. नख आडवं फिरलं. "इथं शिरतंय," तो म्हणाला. "थोडंसंच. असू दे, रंगारी बुजवेल."

ते गेल्यावर आस्मुसनं चाकूचं पातं तिथं लावून बघितलं. शिरेना. प्रार्थनेच्या कागदाची कड लावून बघितली. शिरेना. घरी गेला आणि एव्हवाली पेटी, जिच्यात तेल्स बावीस वर्षं पीठ ठेवत होती, ती ओढून बाहेर काढली, भिंतीकडचा कोपरा पालथा केला, आणि स्वतःचं नख लावलं. शिरेना. लाकूड ओलाव्यानं फुगतं, हे त्याला कळत होतं. बावीस वर्षांत फुगून सांधा मिटलाही असेल. किंवा तो आधीपासूनच मिटलेला असेल. आता हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि विचारल्यावर खरं सांगेल असा तो माणूस नव्हता.

"पीठ सांडलंस सगळं," तेल्स म्हणाली. "काय शोधतोयस?"

"फट."

"सापडली?"

"नाही."

"मग तोंड कशाला असं केलंयस? बरंच आहे की."

रविवारी गोणपाट निघालं. मोशेच्या कपाळातून सोन्याचे बारा किरण फुटले होते, गाल गुलाबी होते, दाढीवर चांदी होती. पहिल्या स्तोत्राला बुरुडानं शेजारच्या दोरवाल्याला कोपर मारलं. आस्मुसनं ते बघितलं. दोरवाल्यानं मागं वळून बघितलं. कुजबुज बाकांमधून चालत गेली, अगदी त्यानं ठरवलं होतं त्याच वाटेनं, फक्त तिच्यात हसणं नव्हतं. "हा तर आपला क्लाफहॉर्न!" "देवा, हुबेहूब!" "संघानं किती मान दिला बघा म्हाताऱ्याला." आशीर्वादानंतर लोक ट्योनीसचे हात धरायला रांगेनं गेले. एका म्हातारीनं त्याच्या अंगरख्याला कपाळ लावलं. मॅगिस्टर फागेट स्वतः खाली उतरून म्हणाले की, वृद्ध कारागिराला नियमदात्याच्या रूपात गौरवणं ही कल्पना प्राचीनांना शोभण्यासारखी आहे. संध्याकाळी गुत्त्यात ट्योनीसला नवं नाव मिळालं होतं, मोशेबाबा. आणि आस्मुसला गुत्तेवाल्यानं पेला पुढं करत म्हटलं, "झकास झालं हां, पळी."

घरी आल्यावर त्यानं दोन्ही शिंगं बाकावर ठेवली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. राग नेहमीसारखा छातीत नव्हता. तो खाली उतरून हातात आला होता आणि शांत झाला होता. त्याला एक गोष्ट सुचली, इतकी साधी की ती बावीस वर्षं कशी सुचली नाही याचं त्याला नवल वाटलं. पेटीला सांधे असतात. पुतळ्याला सांधे असतात. पुलपिटाला तर तीनशेच्या वर आहेत. माणूस लाकडात जे जे करतो त्यात कुठं ना कुठं नख शिरायला जागा राहतेच. फक्त एका वस्तूला सांधा नसतो.

सोमवारी आणि मंगळवारी त्यानं दुसरं काही केलं नाही. डाव्या शिंगाची वळणं तशीच ठेवून, बुडाकडून वाटी कोरली, टोकाकडून दांडा. पटाशीचा एकही माग उरू नये म्हणून शार्कच्या कातड्यानं घासली, मग वाळक्या गवतानं, मग जवसाच्या तेलात तळव्यानं, तळवा भाजेपर्यंत. बावीस वर्षांत त्यानं केलेली पहिली पळी. ती हातात घेतल्यावर कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे कळत नव्हतं. तेल्सनं ती ओठांना लावून बघितली आणि परत दिली. हसली नाही. बुधवारी त्यानं ती फडक्यात गुंडाळून ट्योनीसकडे पाठवली. निरोप एवढाच, अंगठा लावायचा राहिलाय.

शनिवारी मासळीबाजारात बेके भेटली. चेहरा उतरलेला होता.

"पळीकाका, काय दिलंत हो तुम्ही बाबांना?"

"का? आवडली नाही?"

"तीन दिवस झाले. सकाळी लापशी वाढते, समोर गार होते. ती पळी तोंडात घालतच नाहीत. खिडकीपाशी बसून नुसता अंगठा फिरवतायत, वरून, खालून, आतून. दुसरी पळी दिली तर ढकलून देतात. काल नखच तुटलं, तर डाव्या हाताचं लावतायत."

"काही म्हणतात का?"

"एकच म्हणतात. 'कुठंतरी असणारच.'" बेकेनं डोळे पुसले. "तुम्ही येऊन सांगा ना त्यांना, कुठं आहे ती फट. म्हणजे जेवतील तरी."

आस्मुसनं टोपलीतला एक हेरिंग उचलला, त्याचे डोळे बघितले. ताजे होते.

"असेल की," तो म्हणाला. "नीट शोधायला सांग. घाई नाही म्हणावं."

त्यानं चार हेरिंग घेतले, रोजच्यापेक्षा दोन जास्त. घरी तेल्सनं ते लोण्यात तळले आणि तो पोट भरेपर्यंत जेवला. उजवं शिंग त्यानं फडताळावर ठेवून दिलं होतं. म्हातारा चिवट होता. लागलंच तर आणखी एक पळी करता आली असती.